आठवा अध्याय

बाई, आपल्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी तुमच्यावर लेख लिहून द्या, असं मला सांगितलं आहे. हजारभर शब्द, आणि शक्यतो वाचणाऱ्याला रोजच्या जगण्यात विश्वासानं चालायला उत्तेजन मिळेल असं काहीतरी. लेख लिहून झाला आहे. गेले चार दिवस तो माझ्या टेबलावर पितळी वजनाखाली पडून आहे. त्यात त्या रविवारची गोष्ट आहे, आजींची आणि आठव्या अध्यायाची. ही गोष्ट मी गेली पंधरा वर्षं सांगत आले. पेठ वडगावच्या महिला मेळाव्यात सांगितली, गडहिंग्लजकडं सांगितली, इथं तर कितीदा. गोष्टीच्या शेवटी बायका डोळ्यांना पदर लावतात. पण शेवट मी सांगते तसा झाला नव्हता. हे आता एकट्या मला माहीत आहे. तुम्ही असतात तर दोघींना माहीत असतं. परवा अंक छापायला जाईल, त्याआधी तो शेवटचा परिच्छेद ठेवायचा की काढायचा हे मला ठरवायचं आहे. म्हणून लेख बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पत्र टाकायचा प्रश्न नाही, त्यामुळे घाईही नाही.

आठवड्याचे सहा दिवस तुम्ही मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होता आणि रविवारी उपासनेच्या आधी तासभर चर्चच्या बाजूच्या खोलीत आम्हा मुलींना बायबल. शास्त्र म्हणायचो आपण त्याला. दोन्हीकडची पद्धत एकच. चुकलं तर उसवायचं, कापायचं नाही. आणि शिकवलेलं हातानं करून दाखवायचं, नुसतं तोंडानं म्हणून चालायचं नाही. दर रविवारी तुम्ही आम्हाला आठवड्याचं एक काम द्यायचात. नळावर आपली पाळी आली की मागच्या बाईची घागर आधी लावू द्यायची. एका माणसाचं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं. ज्याचा राग येतो त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट घरात सांगायची, पण ती खरी असली पाहिजे. पुढच्या रविवारी बाकावर बसलेल्या क्रमानं तुम्ही विचारत जायचात. दोन उत्तरं चालायची, ‘झालं’ आणि ‘जमलं नाही’. ‘विसरले’ हे उत्तर चालत नसे. जमलं नाही म्हणणारीला तुम्ही कधी रागावला नाहीत. अवघड गणित अर्ध्यापर्यंत बरोबर सोडवणाऱ्या मुलीकडं बघावं तसं तिच्याकडं बघून मान हलवायचात आणि पुढच्या मुलीकडं वळायचात. ही दोन उत्तरं मी लेखात घातली आहेत. ती खरी आहेत.

बारा वर्षं पुरी झाली की प्रत्येक मुलीला तुम्ही एक ‘घर’ द्यायचात. मंडळीत जी माणसं आजारपणामुळं किंवा म्हातारपणामुळं उपासनेला येऊ शकत नसत, त्यांच्याकडं त्याच दिवशी दुपारी जायचं, पाळकसाहेबांनी काय उपदेश केला तो सांगायचा, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची आणि यायचं. मला आजींचं घर मिळालं. आजी मूळच्या मुडशिंगीच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ख्रिस्ती झाल्या, मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं आया म्हणून राबल्या, आणि धुण्याच्या दगडावरून पाय घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होत्या. मुलगा कारखान्यात लेथवर, रविवारी त्याला जादा काम असे. सून सासूला एकटी टाकून निघू शकत नसे. त्यामुळं त्या घरात उपदेश पोचायचा तो फक्त माझ्या तोंडून. पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. मी दारात पोचायच्या आत आतून आवाज यायचा, “आलीस व्हय? बस. आज साहेबानं काय सांगितलं?” आणि मी सांगायला लागले की आजी डोळे मिटून घ्यायच्या. झोपल्या असं वाटून मी मधलं काही गाळलं, की डोळे न उघडता म्हणायच्या, “पोरी, हितं कायतरी तुटलं.”

त्या रविवारी तुम्ही भावाकडं नेसरीला गेला होता. आमच्या घरी धाकट्या भावाला गोवर आला होता, म्हणून मला एकटीलाच उपासनेला पाठवलं. मी तेरा वर्षांची. वाटेत वर्गातली मैत्रीण भेटली. तिचे वडील स्टुडिओत सुतार होते, नेपथ्याची दारं-खिडक्या ते करत. आज शूटिंग आहे, बाबा आत घेतात म्हणाली. मी माझं शास्त्र ओढणीत गुंडाळलं आणि तिच्याबरोबर गेले. चर्चची घंटा वाजत होती तेव्हा आम्ही खासबागेच्या पुढं गेलो होतो. ती मला ऐकू आली, हे मी कुठंही सांगितलेलं नाही.

आत एक दार उभं होतं. मैत्रिणीच्या वडिलांनीच केलेलं, सागवानी रंग दिलेलं, कडी-कोयंडा खरा. पण त्या दाराला घर नव्हतं. मागून दोन वासे लावून ते तोललं होतं, आणि मागच्या बाजूला एक माणूस उकिडवा बसून बशीतून चहा पीत होता. पुढच्या बाजूला नट. काखेत गाठोडं, अंगाखांद्यावर धूळ लावलेली. तो यायचा, दारावर थाप मारायचा, “ताई” म्हणून हाक द्यायचा, आणि थांबायचा. मग कुणीतरी ओरडायचं, पुन्हा. तो मागं जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा थाप, पुन्हा ताई. आम्ही सहा-सात वेळा पाहिलं. एकदाही दार उघडलं नाही, कारण उघडायचा भाग त्या दिवशी नव्हताच. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि मला आठवलं की चार वाजायच्या आत मला आजींकडं जायचं आहे, आणि माझ्याजवळ उपदेश नाही.

वाटेत कुणाला विचारता आलं असतं. मंडळीतल्या चार मुली त्याच रस्त्यावर राहत होत्या. पण विचारलं की मी नव्हते हे कळलं असतं. म्हणून मी चालता चालता जुळवाजुळव केली. आजींच्या खाटेशी बसले, आणि पाळकसाहेब आज दाराबद्दल बोलले, असं सांगायला सुरुवात केली. एक माणूस बहिणीच्या दारात येतो. लांबून आलेला असतो. थाप मारतो, हाक मारतो. आत ऐकू जात असतं. तो परत जातो, पुन्हा येतो. आत बसलेला माणूस म्हणतो मी रागावलोय. पण त्याच्या मागं काय आहे? मागं घर नाही, काही नाही, नुसता राग आहे आणि त्याला दोन वासे लावून तोललं आहे. हे शेवटचं वाक्य मला तिथंच, बोलता बोलता सुचलं. आजींनी डोळे उघडले होते. त्यांनी मला मधे अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, “मग? उघडलं का दार?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “साहेब म्हणाले, ते ऐकणाऱ्यावर हाय.”

आजींनी डोळे पुन्हा मिटले. मग विचारलं, कुठला अध्याय. शास्त्राच्या शेवटी प्रेषितांची पत्रं आहेत, त्यातल्या एका लहानशा पत्राचं नाव मी घेतलं, कारण ते नुकतंच आपल्या तासाला झालं होतं, आणि म्हणाले आठवा. त्या पत्राला पाचच अध्याय आहेत. मला ते आठवायला हवं होतं. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी आठवा, आठवा असं दोनदा पुटपुटून लक्षात ठेवलं.

गुरुवार तुमचा आजींकडं जायचा दिवस. नेसरीहून परत आल्यावर तुम्ही गेलात तेव्हा त्यांनी तुम्हाला सांगितलं, अक्का, त्या पत्राचा आठवा अध्याय काढा आणि त्या पानाला दोरा घालून ठेवा. तुम्ही दोरा घातला नाहीत, पण तिथं काही बोललाही नाहीत. शनिवारी दुपारी मला घरी बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा, त्यात एक चूल, एक स्टोव्ह आणि खिडकीच्या फळीवर शिवणाच्या रिळांचा डबा. तुम्ही भाकरी थापत होता. पिठाच्या हातानंच तुम्ही फळीवरचं शास्त्र घेऊन माझ्यासमोर ठेवलंत. एरवी तुम्ही शुद्ध बोलायचात, पण राग आला की तुमची नेसरी वर यायची. “ह्यातला आठवा काढ.”

मी काढायला लागले. मला खरंच वाटत होतं की तो सापडेल. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, आणि पुढं दुसऱ्याच माणसाचं पत्र सुरू झालं. मी पुन्हा मागं गेले. तव्यावरची भाकरी तुम्ही उलटलीत, निखाऱ्याला लावलीत, फुगली, काढलीत. दुसरी घातलीत. त्यानंतर मी पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं. स्टुडिओ, नट, चहा पिणारा माणूस. तुम्ही मधे बोलला नाहीत, एका माणसाचं बोलणं न तोडता ऐकायचं असा तो आठवडा होता की काय कोण जाणे. मग म्हणालात की खोटं ते खोटंच, त्याला दुसरं नाव नाही. आणि मग जे सांगितलंत ते ऐकून मला तिथल्या तिथं पळून जावंसं वाटलं.

तोपर्यंत मला आजींच्या भावाबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. आजींचा बाप्तिस्मा झाल्यावर माहेरच्यांनी नाव टाकलं. वर्षाच्या आत आई वारली, आणि भावानं निरोप पाठवला तो दहाव्यानंतर. पुढच्या भाऊबीजेला तो साडी घेऊन इथं आला. आजींनी आतून कडी लावून घेतली. तो ओट्यावर ऊन उतरेपर्यंत बसला आणि साडी उंबऱ्यावर ठेवून गेला. आजींनी ती शेजारणीला देऊन टाकली. मंडळीत त्या सांगत राहिल्या की आता आपल्याला भाऊबीज चालत नाही म्हणून उघडलं नाही. त्या काळी ते सगळ्यांना पटलं, काहींनी तर त्यांची पाठ थोपटली. खरं कारण दहाव्याचं होतं, ते त्यांनी एकट्या तुम्हाला सांगितलं होतं. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली होती. आणि माझा उपदेश ऐकल्यावर सोमवारीच सकाळी त्यांनी मुडशिंगीहून दूध घालायला येणाऱ्या गवळ्याबरोबर भावाला निरोप धाडला होता, रविवारी ये म्हणून.

मी विचारलं, आता काय करायचं. तुम्ही तवा उतरवलात. “ते मला ठावं न्हाई,” म्हणालात. मोठं माणूस असं म्हणतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग थोड्या वेळानं तुमचं शुद्ध बोलणं परत आलं. भाऊ येतो आहे तर येऊ दे, त्याला मधे अडवायचं नाही. पण आजींना हे मी सांगणार नाही. सांगायचं ते तू. कधी, ते तू ठरव, पण सांग. मी मान हलवली. तुम्ही मला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढलीत, आणि मी खाल्ली. शास्त्राच्या त्या पानावर तुमच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटला होता. पुढं कित्येक वर्षं त्या जागी कागद थोडा पिवळा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी मी आजींकडं गेले तेव्हा भाऊ आलेला होता. उंच, वाकलेला, डोक्याला पटका. ओट्यावर गुळाची ढेप फडक्यात बांधून ठेवलेली आणि तो तिच्या शेजारी, सत्तावीस वर्षांपूर्वी जिथं बसला असेल तिथंच. आजी आतून खाटेवरून ओरडत होत्या की आत ये, मला काय उठता येतंय व्हय. तो म्हणत होता, आधी दार उघडलं म्हण. दार सताड उघडंच होतं. सून दोघांच्या मधे चहाचा कप घेऊन उभी, कुणाकडं जावं ते तिला कळेना. शेवटी आजी म्हणाल्या, “उघडलं की रं बाबा.” मग तो वाकून आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. कुणी रडलं नाही. पहिली दहा मिनिटं ती दोघं एका म्हशीबद्दल भांडली, जी त्यांच्या लहानपणी विहिरीत पडली होती आणि ती कुणाच्या चुकीनं पडली याचा निकाल लागला नव्हता. मग तो म्हणाला, “इतकी वर्सं तुझा देव गप हुता व्हय?”

“त्यो बोलत हुता,” आजी म्हणाल्या. “मीच कान झाकून बसलो हुतो.” आणि माझ्याकडं बोट करून सांगितलं की ह्या पोरीनं आणलं ते, आठव्या अध्यायातलं.

पाळकसाहेबांना भेटलंच पाहिजे म्हणून भाऊ हटून बसला. मला त्याच्याबरोबर जावं लागलं. चर्चच्या आवारात तुम्हीही होता, आठवतं का? त्यानं साहेबांचे पाय धरायचा प्रयत्न केला, तुमच्या दाराच्या बोलण्यानं माझी भैन मला मिळाली म्हणाला. साहेबांनी त्या रविवारी कशावर उपदेश केला होता ते मी नंतर चौकशी करून काढलं, तो बी पेरणाऱ्यावर होता. साहेबांनी क्षणभर आभाळाकडं पाहिलं, मग हात जोडून म्हणाले की सगळी देवाची कृपा. तुम्ही पदर तोंडाला लावलात आणि विहिरीकडं बघायला लागलात. तुम्ही हसत होता की काय, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

त्याच आठवड्यात तुम्ही मला वही दिलीत. शाळेच्या परीक्षेतले उरलेले कोरे कागद सारखे कापून, मधोमध जाड दोऱ्यानं शिवलेले, वर खाकी कापडाचं आवरण. उपदेश ऐकताना लिहून घे, म्हणजे पदरचं घालावं लागणार नाही, म्हणालात. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात त्या पत्राचं नाव आणि खाली लिहिलेलं, अध्याय पाच. बाकी काही नाही. ती वही माझ्याजवळ आहे. मी लिहायला लागले ती तिच्यात. पुढं जे काही लिहिलं, मंडळीच्या मासिकातलं दर महिन्याचं ते छोटं सदर, त्यावर येणारी पोस्टकार्डं, त्या सगळ्याची शिवण तिथं सुरू होते, असं मी लेखात म्हटलं आहे. ते वाक्य जरा गोडच झालं आहे, पण खोटं नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी दर रविवारी आजींकडं जात राहिले आणि वहीतून बघून खरा उपदेश सांगत राहिले. आजी ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, चांगलं हाय, पर त्या आठव्यासारखं न्हाय. भाऊ पंधरवड्यातून एकदा यायचा. त्याची नातवंडं यायची, दूध-दही यायचं, एका दिवाळीला साडी आली आणि आजींनी ती खाटेवरच नेसायचा हट्ट धरला. प्रत्येक रविवारी मी घरातून निघताना ठरवायचे की आज सांगायचं. आणि प्रत्येक रविवारी तिथं कुणीतरी असायचं, किंवा आजींना ताप असायचा, किंवा त्या फार आनंदात असायच्या. एकदा आपल्या तासानंतर बाकं लावताना तुम्ही मला विचारलंत, सांगितलंस? वर्ष-सव्वा वर्ष उलटलं होतं. मी म्हणाले, हो. तुम्ही म्हणालात, बरं. आणि बाकाचं दुसरं टोक उचललंत. ‘जमलं नाही’ हे उत्तर चालत होतं, बाई. ते तुम्हीच चालतं केलं होतं. ते माझ्या तोंडाशी होतं की नाही हे मला आता सांगता येत नाही.

आजींचं शेवटचं दुखणं चार-पाच दिवसांचं. शुक्रवारी दुपारी तुम्ही मला शाळेतून बोलावून नेलंत. सोळा वर्षांची होते मी. सून, आता तीही नाही, पायाशी बसून तळवे चोळत होती. तुम्ही प्रार्थना केलीत, मग विचारलंत, काय वाचू. आजी म्हणाल्या, “अक्का, त्यो आठवा वाचा की.”

मी तुमच्याकडं पाहिलं नाही, पण तुम्हाला त्या क्षणी कळलं हे मला कळलं. माझा ‘हो’ कसला होता ते कळलं. तुम्ही शास्त्र उघडलं होतंत. बोट त्या पत्राशीच होतं, पाचव्या अध्यायाच्या शेवटाशी. काहीतरी वाचता आलं असतं, आजींना काय समजणार होतं. पण तुम्ही पुस्तक मिटलंत आणि मांडीवर ठेवलंत.

“ते पान माझ्या पुस्तकात न्हाई, आजी. ते हिच्याकडं हाय.” मग माझ्याकडं वळलात. “सांग.”

मी लेखात, आणि पंधरा वर्षं सगळ्या मेळाव्यांत, इथं असं सांगते, की मी आजींचा हात धरला आणि कबूल केलं. असा अध्याय नाही, मी त्या दिवशी चर्चला गेलेच नव्हते, मी बनवलं. आणि आजी हसल्या आणि म्हणाल्या, मला ठावं हुतं पोरी. मग त्यावर मी दोन-चार वाक्यं बोलते, सत्य सांगायला उशीर झाला तरी ते वाया जात नाही, अशासारखी. बायकांना ते आवडतं. आजवर तीन-चार जणी मला येऊन सांगून गेल्या की त्यामुळं त्यांनी कुणाला तरी काहीतरी कबूल केलं. एकीनं जावेला, एकीनं नवऱ्याला. त्यांचं भलं झालं. माझ्या एका खोट्यानं भलं झालं ही आता दुसरी वेळ, आणि मला त्याची सवय होऊ लागली आहे. म्हणून तो परिच्छेद चार दिवस वजनाखाली आहे.

झालं ते असं. मी खाटेशी बसले आणि पुन्हा ते दार उभं केलं. माणूस लांबून येतो, थाप मारतो, हाक मारतो, परत जातो, पुन्हा येतो. तीन वर्षांत मी मोठी झाले होते, वहीनं मला लिहायला शिकवलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं. सुनेचे हात थांबले. मी शेवटापर्यंत पोचले तेव्हा आजींनी मला विचारलं नाही, त्या स्वतःच म्हणाल्या, “उघडलं मी.” आणि मग, “परत सांग.” मी परत सांगितलं. रविवारी पहाटे त्या गेल्या. मातीच्या वेळी भाऊ पटका काढून उभा होता.

त्या शुक्रवारी आजींकडून परत येताना चढावर तुम्ही माझ्या पुढं चालत होता. वळणावरच्या चिंचेपाशी दम घ्यायला थांबलात. मी वाट बघत होते, आता रागावतील. तुम्ही म्हणालात, “सांगतेस चांगलं.” मग चालायला लागलात, आणि पाठमोऱ्याच पुढचं म्हणालात. “त्याचीच मला भीती वाटते.” याच्यानंतर तुम्ही सात वर्षं होता. दर रविवारी भेटलात, माझं पहिलं छापून आलेलं वाचून कात्रण जपून ठेवलंत, माझ्या लग्नात माझी चोळी तुम्ही शिवलीत. हा विषय कधीच काढला नाहीत. मला तेव्हा वाटलं तुम्ही विसरलात, आणि तुमच्याकडं ते उत्तर चालत नसे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता दुपारचे तीन वाजले आहेत. तुम्हाला लिहिता लिहिता मी मधेच उठून तो परिच्छेद उसवला. कापला नाही, पेन्सिलीनं खोडला आहे, खालचं वाचता येतं. त्याजागी मी शुक्रवारचं जसं झालं तसं लिहिलं, साध्या सात ओळींत. वाचून पाहिलं. त्यात उत्तेजन फारसं नाही. चिंचेखालचं तुमचं वाक्य मात्र घातलं आहे, ते वाचून कुणाला काही मिळालं तर मिळेल. लेख उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देईन.

त्या सात ओळींत एक गोष्ट मी लिहिलेली नाही. आजींना का सांगितलं नाही, याचं कारण मी स्वतःला नेहमी असं देत आले की त्यांचं समाधान मोडायचं नव्हतं, भावाचं येणं-जाणं तुटायला नको होतं. ते कारण चांगलं आहे आणि कुणालाही पटेल, भाऊबीज चालत नाही यासारखं. बाई, त्या दिवशी आजी “परत सांग” म्हणाल्या, तेव्हा मला आनंद झाला होता.